पेपर टाकायची वेळ झाली का? नोकरी सोडण्याचा निर्णय टप्प्याटप्प्याने कसा घ्यावा

पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्या कुणाशीही थोडा वेळ बोललात, तर 'पेपर टाकावा म्हणतोय' हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. कारखान्यांच्या चाकणला, रांजणगावला शब्द वेगळे असतात, 'हिशोब घेऊन मोकळं व्हावं' असं म्हणतात, पण मनात तेच असतं. मी एचआरमध्ये काम करते. सोडून जाणाऱ्यांची शेवटची मुलाखत घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि त्या खोलीत माणसं मोकळेपणानं बोलतात. त्या बोलण्यातून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे. 'इथून जायचं का' आणि 'कधी जायचं' हे दोन वेगळे निर्णय आहेत, पण आपण त्यांची गाठ मारून टाकतो.

मग दोन प्रकार होतात. काही जण 'कधी'च्या भीतीनं 'का'चा विचारच करत नाहीत. घराचा हप्ता, मुलीची शाळा, आईबाबांची औषधं डोळ्यांसमोर येतात आणि विषय पुढच्या अप्रेझलवर ढकलला जातो. असं करत पाच-सात वर्षं निघून जातात. दुसरे काही जण मीटिंगमध्ये अपमान झाला की त्याच संध्याकाळी दोन्ही निर्णय एकदम घेतात आणि ग्रॅच्युइटीला, म्हणजे सलग सेवेबद्दल कंपनी देते त्या रकमेला, चार महिने राहिले होते हे नंतर लक्षात येतं. म्हणून या लेखात आधी फक्त पहिला प्रश्न घेतला आहे. तारखेचा विचार त्यानंतर, सावकाश.

आधी दुखतंय कुठे ते शोधा

'कंटाळा आलाय' एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. त्रास कामाचा आहे, साहेबाचा आहे, कंपनीचा आहे, पगाराचा आहे, रस्त्याचा आहे की घरातल्या एखाद्या ताणाचा आहे, हे वेगळं काढावं लागतं. कंपनी बदलून यातल्या फक्त काही गोष्टी सुटतात. वाकडच्या पुलाखालची गर्दी शेजारच्या कंपनीत गेलं तरी तशीच राहणार.

यासाठी एक वही करा. साधी शाळेची वही चालेल, फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर यातलं काही लिहू नका. आठ आठवडे रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायच्या: आज कशानं जीव नकोसा झाला, कशानं बरं वाटलं, आणि घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत किती तास गेले. आठ आठवडे अशासाठी, की त्यात एखादं रिलीज, एखादं महिनाअखेर, एखादा सण आणि एखादा शांत आठवडा असं सगळं येऊन जातं.

पुनावळ्यात राहणाऱ्या, टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं अशी वही केली होती. त्यातल्या काही ओळी तिच्या परवानगीनं देते:

'मंगळवार. 8.10 ला निघाले. भूमकर चौकातच अर्धा तास. क्लायंटचा कॉल छान झाला. घरी 8.40.'

'गुरुवार. रात्री 11 ला परत लॉगिन. पोरगं वाट बघून झोपलं.'

'शुक्रवार. नवीन मुलाला ऑटोमेशन शिकवलं. दोन तास कसे गेले कळलं नाही.'

तिची खात्री होती, की तिला टेस्टिंगचाच वीट आलाय आणि आता क्षेत्रच बदलायला हवं. वही वाचल्यावर दिसलं, की कामाबद्दल तक्रार फारशी नव्हतीच. तक्रारी होत्या त्या रस्त्याच्या आणि अमेरिकेच्या वेळेनुसार चालणाऱ्या रात्रीच्या कॉलच्या. तिनं युरोपच्या क्लायंटवरची टीम मागून घेतली, आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळवलं आणि ती आजही तिथेच आहे.

याच्या अगदी उलट चित्र चाकणच्या एका क्वालिटी इंजिनिअरच्या वहीत होतं. त्याचा पगार वेळेवर होत होता, कंपनीची बस घराजवळ येत होती, कँटीनचं जेवणही बरं होतं. पण दर दोन-चार दिवसांनी एकच गोष्ट लिहिलेली: माल न तपासता इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही करायला लावली. त्याला सोडायला हवं होतं हे सांगायला कुणी सल्लागार लागत नव्हता. उद्या त्या पार्टमुळे काही झालं असतं, तर कागदावर सही त्याची होती.

वही पूर्ण झाली की रंगीत पेनानं खुणा करा. कंपनीत राहून बदलता येण्यासारख्या गोष्टींना एक रंग, कंपनी सोडल्याशिवाय न बदलणाऱ्यांना दुसरा, आणि नोकरीशी ज्यांचा संबंधच नाही त्यांना तिसरा. कुठला रंग जास्त आहे ते पाहिलं की पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

थकवा आहे की खरंच वेळ झाली आहे?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा तिला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असं तिचं वर्णन केलं आणि तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती गेल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझ्या अनुभवात यातली दुसरी खूण सगळ्यात बोलकी असते. दमलेला माणूस चार दिवस झोपून ताजातवाना होतो. पण ज्याला आधी आपल्या कामाचा अभिमान होता आणि आता ग्राहकाचं नुकसान झालं तरी काही वाटत नाही, त्याच्या बाबतीत दुखणं बरंच खोल गेलेलं असतं.

फरक ओळखायला सुट्टी घेऊन बघा. सलग एक आठवडा, आणि तोही भावाच्या लग्नासाठी किंवा गावाकडच्या जमिनीच्या कामासाठी नको. फोनवर मेल बंद. परत आल्यावर पहिले तीन दिवस स्वतःकडे लक्ष द्या. कामात पुन्हा रस वाटला, तर तुम्हाला विश्रांती हवी होती. सोमवारी दुपारपर्यंत छातीवर तेच ओझं परत आलं, तर वहीतल्या नोंदींना आणखी आधार मिळाला.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जाऊन या. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी 12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाकाहारी माणसांत बी 12 कमी असणं फार आढळतं, आणि त्यानं येणारा थकवा आपण बिनदिक्कत मॅनेजरच्या नावावर लिहून मोकळे होतो. दुसरीकडे, कामाचे तास खरंच अति असतील तर तेही गंभीरपणे घ्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. पुण्यात आठवड्याला 55 तास ही अनेकांची नेहमीची गोष्ट झाली आहे. याची मला मनापासून काळजी वाटते.

झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर नोकरीचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी मदत घ्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कंपनीची तब्येत तपासा

कधी कधी आपली काहीच तक्रार नसते आणि कंपनीच आतून पोखरलेली असते. तपासायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तुमचं पीएफ पासबुक. उमंग अ‍ॅपवर किंवा ईपीएफओच्या संकेतस्थळावर ते दिसतं. कंपनीनं दर महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात दोन-तीन महिने भरणाच नाही, असं असेल तर कंपनीची रोकड संपत आली आहे असं समजा आणि उद्यापासून शोधाला लागा. तीच गोष्ट टीडीएसची, म्हणजे पगारातून कापलेल्या कराची. तो प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर 26एएसमध्ये दिसायला हवा.

बाकीच्या खुणा डोळे उघडे ठेवले की दिसतात. पगार 1 तारखेवरून 7 वर, मग 12 वर जातो. गेलेल्या माणसांच्या जागा भरत नाहीत. कँटीनवाल्याची, कॅबवाल्याची बिलं अडकतात. त्यांच्याशी बोललात तर अकाउंट्सच्या आधी त्यांच्याकडून कळेल. आयटीत असाल तर तुमच्या प्रोजेक्टचं बिलिंग कधीपर्यंत आहे आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट नसताना, किती दिवस ठेवतात हे विचारून ठेवा.

कुठल्या खुणा एकट्याच पुरेशा आहेत?

खोट्या कागदावर सही मागणं. लैंगिक छळ किंवा जातीवरून, धर्मावरून अपमान. सुरक्षेची साधनं न देता मशिनवर उभं करणं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं असणं, की हे काम असंच चालू राहिलं तर शरीर साथ देणार नाही. यातलं काहीही असेल तर निघायचं हे ठरलं असं समजा; चर्चा फक्त तारखेची. लैंगिक छळाच्या बाबतीत मात्र जाण्याआधी तक्रार करायचा विचार जरूर करा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार घटनेपासून 3 महिन्यांत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते, सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी 3 महिने वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. राजीनामा दिल्यावरही मुदतीत असलेली तक्रार चालते.

बाकीच्या खुणा एकट्या पुरत नाहीत, दोन-तीन जमल्या की विचार करावा. त्यातली मी सगळ्यात महत्त्वाची मानते ती ही: तुमचा रेझ्युमे काढा आणि गेल्या बारा महिन्यांत काय नवीन शिकलात किंवा काय पूर्ण केलंत याची एक ओळ त्यात लिहून बघा. ओळ सुचत नसेल आणि त्याच्या आदल्या वर्षीचीही सुचत नसेल, तर पगार कितीही चांगला असला तरी तुमची बाजारातली किंमत घसरते आहे. चाळिशीच्या आसपास असलेल्यांना हे फार लवकर भोवतं.

दुसरी खूण वरच्या खुर्चीकडे बघून ओळखता येते. तुमच्या साहेबाची जागा उद्या तुम्हाला दिली तर हवी आहे का? आणि नको असेल, तर त्या कंपनीत तुमच्यासाठी दुसरी वाट आहे का? दोन्हीचं उत्तर नकारार्थी असेल, तर तिथे तुम्ही फक्त वेळ काढत आहात.

एकदा स्पष्ट मागून बघा

माणसं मनातल्या मनात कंपनीवर रागावतात आणि मागत काहीच नाहीत. शेवटच्या मुलाखतीत सांगतात ते मॅनेजरला सहा महिने आधी सांगितलं असतं, तर काही जणांचं काम झालं असतं. वहीतली पहिल्या रंगाची एकच गोष्ट निवडा. 'माझ्यावर लोड फार आहे' असं मोघम सांगून काही होत नाही. 'रात्रीचे कॉल आठवड्यात दोनवर आणा' किंवा 'मला नाइट शिफ्ट सलग तीन आठवडे नको' असं मोजता येईल असं मागा. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाका: आज आपलं असं ठरलं. मग दीड-दोन महिने थांबा.

यात मिळणारा नकारही उपयोगाचा असतो. मॅनेजरनं प्रयत्न केला आणि वरून अडलं, तर अडचण कंपनीत आहे. मॅनेजरनं मेलला उत्तरच दिलं नाही, तर अडचण त्या माणसात आहे आणि अंतर्गत बदली मागून प्रश्न सुटू शकतो. एकाच कंपनीत साहेब बदलल्यानं माणूस फुललेला मी अनेकदा पाहिला आहे.

बाजारात उतरून बघा

सोडायचं नक्की नसतानाही दोन-तीन इंटरव्ह्यू द्या. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट करताना स्वतःच्या कंपनीला ती दिसू नये अशी सोय आहे, ती आधी लावा. लिंक्डइनवरही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटर्सना दिसेल अशी ठेवता येते; फोटोभोवतीची हिरवी पट्टी लावलीत तर मॅनेजरलाही दिसेल.

ऑफर आली की नुसता सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा, आकडा पाहू नका. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, किती, पीएफमधला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरली आहे का, जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो का, हे बघा. मग हातात येणारी रक्कम दारापासून दारापर्यंतच्या तासांनी भागा. समजा, कोथरूडहून तुम्ही बाणेरला जाता. हातात 90,000 येतात आणि जाऊन-येऊन रोजचे साडेअकरा तास जातात. महिन्याचे 22 दिवस धरले तर 253 तास, म्हणजे तासाला साधारण 356 रुपये. नवीन ऑफर खराडीची, हातात 1,05,000, पण रोज साडेतेरा तास. 297 तास होतात आणि तासाला 354 रुपये पडतात. महिन्याला 15,000 वाढले असं वाटतं, प्रत्यक्षात तुम्ही रोजचे दोन तास जुन्याच भावानं विकले. तिथे काम खूप चांगलं असेल तर जरूर जा, पण पगार वाढला म्हणून जाऊ नका.

आता तारीख

जायचं ठरलं असेल तर इथून पुढचं काम शांतपणे, कॅलेंडर घेऊन करा.

नियुक्तिपत्र काढा आणि नोटीस पिरियड किती ते वाचा. 30, 60 की 90 दिवस, बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी करण्याची सोय, आहे का, असल्यास तो बेसिकवर की पूर्ण पगारावर, आणि तो मान्य करणं कंपनीच्या मर्जीवर आहे का. बाँड, म्हणजे ठरावीक काळाआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार, असेल तर रक्कम आणि मुदत बघा. 'बाँडला काही अर्थ नसतो' असं कट्ट्यावर सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात 3 वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नका अशी अट मात्र 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर नेण्याची मुभा त्यातून मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

ग्रॅच्युइटीचा हिशोब करा. कायम नोकरीत सलग 5 वर्षं झाली की हक्क मिळतो. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. ही बेरीज 40,000 असेल तर 5 वर्षांचे 1,15,385 रुपये होतात. 6 महिन्यांपेक्षा जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून 5 वर्षं 7 महिन्यांना 6 वर्षांचे, म्हणजे 1,38,462 रुपये मिळतात. 4 वर्षं 240 दिवसांना ग्रॅच्युइटी द्यायची की नाही यावर कंपन्यांची भूमिका वेगवेगळी असते. तुमचं तसं असेल तर एचआरकडून लेखी उत्तर घ्या, नाहीतर चार महिने थांबा. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगारांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या बऱ्याच मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

बोनस, इन्सेंटिव्ह, इन्क्रिमेंट कधी जमा होतात ते पाहा. व्हेरिएबल मिळायला 'त्या दिवशी नोकरीत असणं' ही अट बहुधा असते, नोटीसवर असलेल्यांना ते नाकारणारी धोरणंही असतात. म्हणून पैसे खात्यात येईपर्यंत पेपर टाकू नका. कायद्यानं लागू असलेल्या बोनसचं वेगळं आहे. त्या हिशोबी वर्षात किमान 30 दिवस काम केलं असेल, तर किमान 8.33 टक्के बोनस मिळायला हवा, मग तुम्ही नोकरी दिवाळीआधी सोडलेली का असेना.

बाळाचा विचार चालू असेल तर प्रसूतीच्या रजेचा नियम नीट बघा. 26 आठवड्यांच्या पगारी रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम केलेलं लागतं. नवीन ठिकाणी जाण्याची तारीख यावरून मागेपुढे करता येते.

आरोग्य विमा ही सगळ्यांत दुर्लक्षित बाब. कंपनीची पॉलिसी सहसा शेवटच्या दिवशी संपते आणि त्यासोबत आईबाबांचं संरक्षणही जातं. वडिलांच्या गुडघ्याचं किंवा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधी करून घ्या. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या दोन-तीन महिने आधी घ्या, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले 30 दिवस संरक्षण नसतं, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही असते. ती सोडण्याआधी विचारा. गृहकर्ज घ्यायचं डोक्यात असेल तर तेही आधी मार्गी लावा. बँका गेल्या काही महिन्यांच्या पगारपावत्या मागतात आणि नवीन नोकरीत ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

दुसरी नोकरी हातात नसताना सोडायची असेल, तर किमान 6 महिन्यांचा न टळणारा खर्च बाजूला हवा. कागदावर मांडून बघा: घराचा हप्ता 38,000, शाळेची फी महिन्याला 9,000, किराणा-गॅस-वीज 16,000, सोसायटीचा मेंटेनन्स 3,500, आईबाबांची औषधं 4,000, पेट्रोल आणि फोन 4,500. एकूण 75,000, म्हणजे 4,50,000 रुपये. पीएफ आणि सोनं यात धरू नका. चाळिशीच्या पुढे असाल किंवा घरात एकटे कमावते असाल, तर मी 9 महिन्यांचा आग्रह धरीन. एवढी रक्कम नसेल आणि परिस्थिती सुसह्य असेल, तर ती जमेपर्यंतची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तारीख लिहिली की रोजचा त्रास सोसायला बळ मिळतं, कारण त्याला शेवट आहे हे दिसत असतं.

घरी कसं सांगायचं

'भरल्या ताटाला लाथ मारू नये' हे आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. ज्यांनी एकाच कारखान्यात किंवा सरकारी खात्यात आयुष्य काढलं, त्या बाबांना तीन वर्षांत कंपनी बदलणं उच्छृंखलपणा वाटतो, आणि त्यांच्या काळजीत खोट काहीच नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, वही आणि खर्चाचा कागद समोर ठेवा. 'बाबा, हप्ता सहा महिने थकणार नाही, हे बघा' या वाक्यानं अर्धा विरोध मावळतो. जोडीदाराशी मात्र हे बोलणं निर्णय झाल्यावर करू नका, वही सुरू करतानाच करा. पैसे दोघांचे असतात, चिडचिडही दोघांच्या वाट्याला येते.

पेपर टाकताना

नवीन ठिकाणचं सही-शिक्क्याचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा नको. 'मेल येतोय सोमवारी' या फोनवर भरवसा ठेवून पेपर टाकलेली माणसं पुढे फार अडचणीत आलेली मी पाहिली आहेत.

आधी मॅनेजरला समोरासमोर सांगा, मग त्याच दिवशी मॅनेजर आणि एचआर दोघांना मेल करा. चार ओळी पुरतात: राजीनामा देत आहे, नियुक्तिपत्रानुसार नोटीस इतके दिवस, शेवटचा दिवस अमुक तारीख, हस्तांतरण पूर्ण करीन. तक्रारी त्या मेलमध्ये लिहू नका. पोच मागून घ्या.

काउंटर ऑफर आली, म्हणजे थांबावं म्हणून कंपनीनं पगार वाढवून देऊ केला, तर वही उघडा. तुमची तक्रार खरोखर फक्त पगाराची होती, तर विचार करायला हरकत नाही. बाकी काहीही असेल तर नाही म्हणा. पगार वाढवला म्हणून रात्रीचे कॉल थांबत नाहीत आणि साहेबाच्या मनात तुम्ही 'जाऊ पाहणारा' म्हणून राहता.

आणि कंपनीच तुम्हाला खोलीत बसवून 'आत्ता राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू' म्हणत असेल, तर त्या दिवशी सही करू नका. 'मला विचार करायला वेळ द्या आणि हे मेलवर कळवा' एवढंच बोला. पुण्यात शिवाजीनगरजवळ वाकडेवाडीला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. आयटीतल्या कर्मचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संघटनाही शहरात आहेत. सही झाल्यावर त्यांना फारसं करता येत नाही, म्हणून सहीच्या आधी जा.

शेवटचे दिवस आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. त्याआधीच सगळ्या पगारपावत्या, फॉर्म 16, इन्क्रिमेंटची पत्रं, विम्याची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनीचा कोड, ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या यांना हात लावू नका. लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याची पावती घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटरवरच्या तारखा आणि नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा, कारण नवीन कंपनीच्या पडताळणीत एका दिवसाचा फरकही अडतो.

नव्या कामगार संहितेनुसार राजीनाम्यानंतरचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं आणि ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, कागद ओळीओळीनं वाचा: शिल्लक रजेचे पैसे, नोटीसची कपात, अडकलेली खर्चाची बिलं.

पीएफ काढू नका, जुन्या यूएएनवरूनच (पीएफचा कायमचा क्रमांक) नवीन कंपनीत ट्रान्सफर करा. 5 वर्षांच्या आत काढल्यास कर लागतो, आणि पेन्शनच्या हक्कासाठी लागणारी 10 वर्षं मोजताना ही सलगता कामाला येते. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नाही, तर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता.

नव्या कंपनीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या कंपनीतला त्या वर्षाचा पगार आणि कापलेला कर कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या हिशोबानं वजावट देतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना मोठी रक्कम एकदम भरावी लागते. दोन महिन्यांनी पीएफ पासबुक पुन्हा उघडा: जुनी शिल्लक आली का आणि नव्या कंपनीचा भरणा 15 तारखेच्या आत होतो आहे का, हे बघा.